प्रोफाईल बनवा, पण नाव गिळू नका

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्याकडे करिअर मार्गदर्शनाचा हंगाम सुरू होतो. कराड, सातारा, सांगली, मिरज, कुठेही जा. शादीखान्यात किंवा उर्दू शाळेच्या हॉलमध्ये गुणवंतांचा सत्कार असतो आणि सत्कारानंतर शहरातून आलेले पाहुणे माईक हातात घेतात. त्यांचं भाषण आता मला पाठ झालंय. लिंक्डइनवर प्रोफाईल बनवा, नोकरी डॉट कॉमवर बायोडाटा टाका, ऑनलाईन दिसत राहा. आजकाल कंपन्या जात-धर्म बघत नाहीत, फक्त स्किल बघतात. टाळ्या पडतात, बिर्याणी होते, पोरं घरी जातात.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. बीएड होऊन बरीच वर्षं झाली, वर्गातून गेलेली पोरं आता नोकरीच्या वयाची आहेत. त्यांच्यासाठी स्पष्ट बोललं पाहिजे. पाहुण्यांचा पहिला सल्ला बरोबर आहे, दुसरं वाक्य खोटं आहे. आणि हे खोटं आपल्याच पोरांना महागात पडतं. वीस ठिकाणी अर्ज करून एकही फोन आला नाही की पोरगं समजतं, आपल्यातच काहीतरी कमी आहे.

कंपन्या फक्त स्किल बघतात का, हे तपासून पाहिलं गेलंय. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी ६६ आठवडे वर्तमानपत्रातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. ५४८ जाहिराती, ४८०८ अर्ज. शिक्षण सारखं, फरक फक्त नावाचा. २००७ साली निष्कर्ष छापून आला. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश होती आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश.

कुणी म्हणेल, ते जुनं झालं, आता सगळं ऑनलाईन आहे. मग ऑनलाईनचंच बघा. २०२२ मध्ये लेड बाय फाउंडेशनने दोन काल्पनिक मुलींचे सारख्याच पात्रतेचे बायोडाटे बनवले. एकीचं नाव हबीबा अली, दुसरीचं प्रियंका शर्मा. दहा महिन्यांत हजार नोकऱ्यांसाठी दोघींच्या नावाने अर्ज गेले. प्रियंकाला २०८ ठिकाणांहून होकारार्थी उत्तर आलं, हबीबाला १०३. अमेरिकेतही २००४ साली असाच प्रयोग छापून आला होता. तिथे गोऱ्या वाटणाऱ्या नावांना काळ्या वाटणाऱ्या नावांपेक्षा निम्म्याने जास्त फोन आले. म्हणजे हा रोग एकट्या आपल्या देशाचा नाही. पण आपल्या पोराला तो इथेच भोगायचा आहे.

आता हे आकडे ऐकून आपल्या मोहल्ल्यात दोन सूर निघतात. दोन्ही मला मान्य नाहीत.

पहिला सूर कट्ट्यावरचा. "आपल्याला कोण घेतंय? कशाला शिकायचं, कशाला प्रोफाईल बनवायचं? रिझ्क अल्लाहच्या हातात आहे." रिझ्क अल्लाहच्या हातात आहे, यात शंका नाही. पण शेतकरीसुद्धा पेरल्याशिवाय आभाळाकडे बघत नाही. हबीबाला १०३ ठिकाणांहून उत्तर आलं, शून्य ठिकाणांहून नाही. तिला प्रियंकाएवढी उत्तरं मिळवायला दुप्पट अर्ज करावे लागतील. हा अन्याय आहे, नावावर बसलेला कर आहे. तो कर आज भरावा लागेल, पण भरताना त्याला "आमची मेहनत कमी पडते" असं म्हणू नका. मेहनत वेगळी, दंड वेगळा.

दुसरा सूर हुशार लोकांचा आहे आणि जास्त धोकादायक आहे. ते पोरांना सांगतात, नाव आखडतं घ्या. आपल्या सातारा-सांगलीत हे सोपंही आहे, कारण आपली आडनावं इथल्या मातीची आहेत. इनामदार, देसाई, पाटील, देशमुख, सुतार. पहिल्या नावाचं एक अक्षर ठेवलं, पुढे "इनामदार" लिहिलं, की कुणाला काय कळणार? असे प्रोफाईल मी पाहिले आहेत. पण पुढे काय होतं? मुलाखतीला आधार कार्ड लागतं, दहावीचं प्रमाणपत्र लागतं. तिथे पूर्ण नाव उघडं पडतं आणि समोरच्याला वाटतं, याने काहीतरी लपवलं. पक्षपात करणारा तो, पण चोरासारखी मान खाली घालून बसतो आपला पोरगा. शिवाय आईबापांनी अकीका करून ठेवलेलं नाव हा डाग आहे, हे तो वयाच्या बाविसाव्या वर्षी शिकतो. एवढी किंमत देऊन मिळालेल्या नोकरीत तो ताठ मानेने बसेल कसा?

मग करायचं काय? मिरजेकडे बघा. तिथल्या शिकलगारांचं काम हत्यारांना धार लावण्याचं. एकोणिसाव्या शतकात ते काम कमी झालं, तेव्हा त्यांनी भोपळा आणि लाकूड हातात घेतलं आणि तंबोरे, सतारी बनवू लागले. देशभरातले गवई मिरजेचा तंबोरा शोधत आले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या कारागिरांनी नाव लपवलं नाही. उलट "सतारमेकर" हे आडनावच होऊन बसलं. माणूस दिसण्याआधी काम दिसलं पाहिजे. प्रोफाईलचा खरा उपयोग तेवढाच आहे.

आपल्या पोरांच्या प्रोफाईलवर नेमकं कामच दिसत नाही. वर लिहिलेलं असतं, "नोकरीच्या शोधात". खाली इंटरनेटवरून उचललेला इंग्रजी परिच्छेद, मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करणारा. असे लाखो आहेत. कंपनीचा माणूस "मेहनती" हा शब्द टाकून शोधत नाही, तो "सीएनसी ऑपरेटर, कराड" असं टाकून शोधतो. म्हणून साधं लिहा. डिप्लोमा मेकॅनिकल, तासवडे एमआयडीसीत सीएनसी मशीनवर एक वर्ष, अमुक ड्रॉइंग वाचता येतं. बीकॉम असाल तर टॅलीवर काय केलं, जीएसटीची किती विवरणपत्रं भरली, ते लिहा. बीएड असाल तर एका पाठाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ टाका, स्वतः बनवलेली प्रश्नपत्रिका टाका.

भाषांचा रकाना तर बहुतेक जण रिकामा सोडतात. भाषेचा मास्तर म्हणून याचा मला राग येतो. घरात दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी, कॉलेजात इंग्रजी. दोन लिप्या उजवीकडून आणि डावीकडून सहज वाचणारं पोरगं स्वतःला "काही येत नाही" म्हणतं! भाषांतर, कॉल सेंटर, दवाखान्यातलं स्वागतकक्ष, बँकेचं ग्रामीण काम, इथे हेच भांडवल आहे. ते लिहा. आणि नावाचं स्पेलिंग आधार, दहावीचं प्रमाणपत्र आणि प्रोफाईल या तिन्ही ठिकाणी एकच ठेवा. "शेख" इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिला जातो आणि कागदपत्रं तपासताना त्यावरूनच अडवणूक होते.

मुलींबद्दल वेगळं बोललं पाहिजे. आई म्हणते, फोटो टाकू नकोस. तिला मागासलेली म्हणणाऱ्यांनी जुलै २०२१ आणि जानेवारी २०२२ आठवावं. "सुल्ली डील्स" आणि "बुल्ली बाई" या नावांनी मुस्लिम स्त्रियांचे फोटो उचलून त्यांचा खोटा लिलाव मांडला गेला. आणि तोही गिटहबवर, जिथे इंजिनिअर आपलं काम जगाला दाखवायला ठेवतात. पत्रकार, वकील, वैमानिक, कुणालाही सोडलं नाही. त्यामुळे आईची भीती खरी आहे. पण त्यावर मुलीचं प्रोफाईलच बंद करणं हा उपाय नाही. त्या लोकांना तेच तर हवं होतं. फोटोशिवाय प्रोफाईल चालतं. फोन नंबर आणि घरचा पत्ता जाहीर ठेवायची गरज नाही, आधारची प्रत तर कुठेच टाकू नये. काम दिसू द्या. फोटो टाकायचा की नाही, हे मुलगी ठरवेल.

इथपर्यंत आपण काय करायचं ते झालं. पण सगळं ओझं नोकरी शोधणाऱ्याच्याच डोक्यावर का? शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल बघा. त्याच्या तक्रारी आहेतच. २०१७ च्या डिसेंबरनंतर पुढची अभियोग्यता परीक्षा व्हायला २०२३ उजाडलं, कित्येकांचं वय निघून गेलं. तरीही मुलाखतीशिवायच्या भरतीत एक गोष्ट घडते. परीक्षेचे गुण, विषय, आरक्षण आणि पसंतीक्रम यांवरून शिफारस होते, कुणाच्या कपाळाला आठ्या पडण्याआधी. हेच खासगी पोर्टलना का जमू नये? पहिल्या चाळणीत उमेदवाराचं नाव झाकून ठेवणं संगणकाला अवघड नाही. आणि संविधानाचं सोळावं कलम सरकारी नोकरीत धर्मावरून भेदभावाला मनाई करतं, पण खासगी कंपनीला तशी थेट मनाई करणारा सर्वंकष कायदा अजून नाही. सच्चर समितीने २००६ मध्ये समान संधी आयोग सुचवला होता. तो कागदावरच राहिला. गुणवंतांच्या सत्काराला आमदार येतात, तेव्हा हार घालताना हा प्रश्न त्यांना विचारा. दलित मित्रांना सोबत घ्या, त्यांच्या नावावरही हाच कर आहे.

आणि एक कडू गोष्ट आपल्या संस्थाचालकांसाठी. आपल्या शाळांत, पतसंस्थांत, ट्रस्टमध्ये जागा निघते, तेव्हा ती जाहीर होते का? की आधी भाचा, मग जावई, मग पाकीट? बाहेरच्याने नाव बघून नाकारलं तर तो पक्षपात, आणि आपण नातं बघून घेतलं तर ती मदत, हे चालणार नाही. ज्याला दुसऱ्याकडून इन्साफ हवा, त्याने आधी आपल्या दारात तो मांडावा.

पुढच्या शिबिरात पाहुणे पुन्हा म्हणतील, कंपन्या फक्त स्किल बघतात. तेव्हा टाळ्या वाजवू नका. उभे राहा, २०८ आणि १०३ हे दोन आकडे सांगा. मग घरी जाऊन प्रोफाईल बनवा, पूर्ण नावानिशी.