बोर्डिंगाची चाळणी आणि सातपुड्याची मुले

जवाहर नवोदय विद्यालयाच्या प्रवेशाचे अर्ज निघाले की चोपडा तालुक्यात दरवर्षी एकच हिशेब मांडला जातो. पाचवीतल्या अमुक मुलाला ‘चान्स’ किती? शिक्षक सराव चाचणीतील गुणांवरून अंदाज बांधतात. क्लासचालक निवड झालेल्या मुलांची छायाचित्रे फलकावर झळकवून आशा विकतात, आणि पालक प्रसंगी उसनवारी करून ती विकत घेतात. दहा वर्षांच्या मुलाच्या बुद्धीचे हे मोजमाप समाजाने निमूटपणे स्वीकारले आहे. वस्तुतः येथे मोजली जाते ती मुलाच्या वाट्याला आलेली संधी. ज्याला संधीच मिळाली नाही, त्याच्या कपाळी ‘गुणवत्ता नाही’ असा शिक्का मारून त्याला परत पाठविण्याचे हे सरकारमान्य साधन आहे.

आधी साधे आकडे पाहावेत. जळगाव जिल्ह्याचे नवोदय विद्यालय भुसावळजवळ साकेगावला आहे. सहावीच्या वर्गात जास्तीत जास्त 80 मुले घेतली जातात. जिल्ह्यात तालुके 15. 2011 च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या 42 लाखांहून अधिक. सरळ वाटणी केली तरी तालुक्याच्या पदरी पाच-सहा जागा पडतात. चोपडा तालुक्यात पाचवीत शिकणारी मुले मात्र हजारांनी मोजावी लागतात. म्हणजे बहुसंख्यांना नकार देणे हेच या योजनेच्या रचनेत बसलेले आहे. अशा स्थितीत एकेका मुलाचा ‘चान्स’ अजमावीत बसणे म्हणजे लॉटरीच्या तिकिटाला शिक्षणविषयक धोरण म्हणण्यासारखे आहे.

आता परीक्षेकडे पाहावे. दोन तासांत 80 प्रश्न, 100 गुण. त्यांपैकी 40 प्रश्न आणि 50 गुण मानसिक क्षमता चाचणीचे; उरलेले गुण अंकगणित आणि भाषा यांत निम्मे निम्मे वाटलेले. गटात न बसणारी आकृती ओळखा, आरशातील प्रतिमा शोधा, अपुरी आकृती पूर्ण करा, या स्वरूपाचे प्रश्न पाचवीच्या नेहमीच्या अभ्यासात मुलाला फारसे भेटत नाहीत. ते सरावाने सुटतात आणि सराव विकत मिळतो. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, सुशिक्षित पालकांच्या, वर्षभर क्लासला जाणाऱ्या मुलाने अशा आकृत्या शेकड्यांनी सोडविलेल्या असतात. सातपुड्याच्या पायथ्याशी वैजापूर, सत्रासेन, उमर्टी या भागातील पाड्यांवरच्या मुलाला त्यांचे पहिले दर्शन अनेकदा परीक्षेच्या खोलीतच घडते. त्याच्या घरची बोली पावरी किंवा भिल्ली. प्रश्नपत्रिका मराठीत मिळते खरी, पण मराठी ही त्याची शाळेत भेटलेली दुसरी भाषा. आईबाप केळीच्या बागेत किंवा परमुलखात मजुरीला. अर्ज ऑनलाईन भरावयाचा, मुख्याध्यापकाचा दाखला जोडावयाचा, तारीख सांभाळावयाची. हे सारे करणार कोण? सहावीच्या प्रवेशासाठी ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. ज्याची वार्ता त्या पाड्यावर पोहोचलीच नाही, त्याला नापास तरी कसे म्हणावे?

यावर आरक्षणाचे उत्तर दिले जाते. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी आहेत, अनुसूचित जमातींना जिल्ह्यातील लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा आहे, किमान एकतृतीयांश जागा मुलींना आहेत, हे सर्व खरे आहे आणि ते टिकलेच पाहिजे. परंतु ग्रामीण म्हणजे कोण? तिसरी, चौथी, पाचवी ही वर्षे ग्रामीण हद्दीतील मान्यताप्राप्त शाळेत काढलेला तो ग्रामीण. शाळा जिल्हा परिषदेची असावी अशी अट नाही. शहराच्या वेशीबाहेर, ग्रामपंचायतीच्या हद्दीत उभ्या असलेल्या खाजगी इंग्रजी शाळेत बसने जाणारे सावकाराचे वा बागायतदाराचे मूल आणि उमर्टीकडच्या भूमिहीन मजुराचे मूल या नियमापुढे सारखेच ग्रामीण ठरतात. आदिवासींच्या राखीव जागांतही नोकरदार घर आणि मोलमजुरीचे घर यांत फरक करणारी तरतूद नाही. वर्गभेदाकडे डोळेझाक करून केलेली वाटणी अखेर वरच्या थराच्याच पथ्यावर पडते.

महाराष्ट्राला निवासी शिक्षणाची एक वेगळी परंपरा आहे, तिचे स्मरण येथे आवश्यक ठरते. 1901 पासून राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करविली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींची मुले एका पंगतीत बसविणारे बोर्डिंग काढले. चोपड्याच्या शेजारी अमळनेरला प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजींनी मुलांची आईच्या मायेने सेवा केली. या बोर्डिंगांमागची दृष्टी अशी की, ज्याला घरी जेवण नाही, गावी शाळा नाही, त्याला आत घ्यावे. गरज हीच पात्रता होती. आजच्या निवासी शाळेच्या दारात गरज विचारली जात नाही, गुण विचारले जातात. एकाच ‘बोर्डिंग’ या शब्दाखाली हा उलटा प्रवास घडून आला आहे.

तो आपोआप घडलेला नाही. 1882 साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी मूठभर वरिष्ठांच्या शिक्षणावर रयतेचा पैसा उधळणाऱ्या धोरणावर कोरडे ओढले आणि प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. 1966 मध्ये कोठारी आयोगाने समान शाळापद्धती आणि परिसरशाळा यांचा आग्रह धरला. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे महाराष्ट्राचेच. तो अहवाल बासनात बांधून 1986 च्या शैक्षणिक धोरणाने जिल्ह्यागणिक एक ‘गती देणारी’ शाळा काढण्याचा मार्ग पत्करला. पहिल्या दोन नवोदय विद्यालयांपैकी एक आपल्याच अमरावतीला निघाले. 1990 मध्ये आचार्य राममूर्ती समितीने या कल्पनेच्या फेरविचाराचा आग्रह धरला, पण दरबारी त्याची दाद लागली नाही. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या 13 व्या कलमाने प्रवेशासाठी मुलांची चाळणी करण्यास मनाई केली. नवोदयची चाळणी मात्र चालूच राहिली.

नवोदयमधून मजुरांची, अल्पभूधारकांची मुलेही डॉक्टर-इंजिनिअर झाली, असे समर्थक सांगतात. झाली, आणि त्याचा आनंदच आहे. परंतु त्यातून सिद्ध काय होते? पोटभर अन्न, राहावयास जागा, हाताशी पुस्तके आणि वर्गात शिक्षक मिळाला तर गरिबाचे मूल कोठेही मागे पडत नाही, हेच ना? मग जे 80 मुलांना देता येते ते आश्रमशाळेतील मुलाला का नाकारले जाते? वैजापूरचे मूलही सरकारच्याच जबाबदारीवर वाढते आणि साकेगावचेही. एका मुलाला प्रयोगशाळा आणि दुसऱ्याला रिकामी पदे, ही वाटणी कोणत्या न्यायाने? आसपासच्या शाळांना गती देणे हे तर नवोदयचे घोषित कार्य होते. साकेगावच्या विद्यालयाने सातपुड्यातील किती शाळांना गती दिली, याचा जाब आजवर कोणी विचारला आहे काय?

उलट गती दिली जात आहे ती शाळा बंद करण्याला. 2023 मध्ये राज्य सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढण्याचे धोरण पुढे रेटले आणि त्यासाठी खानदेशातीलच तोरणमाळचा दाखला दिला. पाड्यावरची शाळा मिटवावयाची आणि दूरच्या निवासी शाळेचे स्वप्न दाखवावयाचे, हा दुटप्पीपणा आहे. ज्या पाड्यावर पाचवीपर्यंत शाळाच उरणार नाही, तेथून नवोदयच्या परीक्षेला बसणार कोण?

तेव्हा कार्यकर्त्यांपुढे काम स्पष्ट आहे. नवोदयच्या निवडीचा तालुकावार, शाळाप्रकारवार आणि पालकांच्या व्यवसायानुसार तपशील दरवर्षी जाहीर झाला पाहिजे. ग्रामीण राखीव जागांत जिल्हा परिषद व आश्रमशाळांतील मुलांना स्वतंत्र वाटा मिळाला पाहिजे. यावलच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने प्रत्येक आश्रमशाळेतील पाचवीच्या मुलाचा अर्ज भरण्याची आणि विनामूल्य सराव घेण्याची जबाबदारी उचलली पाहिजे. जोवर ती उचलली जात नाही, तोवर पाड्यापाड्यावर जाऊन अर्ज भरून देणे हे तरुण कार्यकर्त्यांचे कर्तव्य आहे. कारण अन्याय्य चाळणीविरुद्ध लढताना आजचे मूल तिच्याबाहेर ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मात्र या तात्कालिक मागण्यांवर लढा थांबता कामा नये. पाच-सहा जागांसाठी हजारो मुलांना एकमेकांच्या पुढे धावावयास लावणारी व्यवस्था जनतेला आपसांत झुंजवीत ठेवते आणि शाळेसाठी एकत्र येऊ देत नाही. अमुक मुलाचा ‘चान्स’ किती, हा प्रश्न पालकांच्या तोंडून काढून घेऊन, आमच्या पाड्यावरच्या शाळेत शिक्षक का नाही, हा प्रश्न त्यांच्या तोंडी आणणे, हेच आजचे खरे राजकीय शिक्षण होय.