दिसावरची दिवाळी

आपल्या मारवाडी बोलीत 'दिसावर' असा एक जुना शब्द आहे. व्यापारधंद्यासाठी घर सोडून दूर मुलखी जाणे, ते दिसावर. आमच्या आजीच्या तोंडी तो सहज येई. आता कोणत्याही लग्नकार्यात पंगतीला बसावे, तर शेजारी नुकतेच न्यू जर्सीहून किंवा लंडनहून परतलेले कोणीतरी आजी-आजोबा भेटतात. त्यांना विचारला जाणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मुले तिकडे रमली का?" उत्तरही ठरलेलेच, "अगदी छान रमली." मग मोबाइलवर मोठे घर, अंगणातला बर्फ आणि नायगाऱ्याचा धबधबा दाखविला जातो. रमणे म्हणजे नेमके काय, हे मात्र त्या फोटोंत दिसत नाही.

आपले पूर्वज मारवाड सोडून निघाले, तेव्हा बीड हादेखील परमुलूखच होता. निजामाच्या हैदराबाद संस्थानातील हा प्रदेश. येथील दप्तराची भाषा वेगळी, कायदा वेगळा, इतकेच काय, चलनही वेगळे. सहा ब्रिटिश रुपयांना सात हाली रुपये, असा साधारण भाव असे. मी बँकेत लागलो त्या काळी म्हातारे आडतदार हा हिशेब अजून तोंडी करून दाखवीत. या परमुलखात आपली माणसे कशी रुळली, ते आठवून पाहावे. बोलीत मराठी क्रियापदे शिरली. पोळ्याला आपल्या घरी पुरण शिजू लागले. ज्या मुडिया अक्षरात पणजोबांनी वह्या लिहिल्या, ते माझ्या पिढीला वाचता येत नाही. आमच्या घरी तशा दोन वह्या आहेत, त्या आम्ही केवळ उघडून पाहतो. म्हणजे पुष्कळ काही गेले. तरी सामायिक, चौविहार, संवत्सरीचा उपवास राहिला.

तो राहिला याचे श्रेय आपण आपल्या निष्ठेला देतो. माझ्या मते ते अर्धेच खरे आहे. आपण आलो त्या वाटेने मागोमाग संत-सतीही पायी आले. चातुर्मास होऊ लागले, स्थानके उभी राहिली, शेजारच्या पाथर्डीला धार्मिक परीक्षा बोर्ड निघाले. आचार्यसम्राट आनंदऋषीजी महाराज तर नगर जिल्ह्यातल्या चिचोंडीचेच. गोचरीला आलेल्या महासतीजींनी दारात उभ्या मुलाला "आज कोणता नियम घेतोस?" असे विचारले की, त्या एका प्रश्नात पाठशाळेचे काम होऊन जाई. धर्म आपल्या दारी चालत येत होता.

समुद्रापलीकडे तो चालत जाऊ शकत नाही. वाहनाचा त्याग असलेल्या साधूला अमेरिका बंद आहे. १८९३ च्या शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी (आत्मारामजी) यांना आले, तेव्हा याच कारणाने त्यांनी वीरचंद राघवजी गांधी या गृहस्थ श्रावकाला पाठविले. आणि समुद्र ओलांडला म्हणून त्यांनाही स्वकीयांचा रोष पत्करावा लागला. पुढे १९७५ मध्ये आचार्य सुशीलकुमारजी विमानाने अमेरिकेला गेले. ते आपल्याच स्थानकवासी परंपरेतले. त्या वेळी केवढी खळबळ झाली, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. आचार्य तुलसी यांनी १९८० मध्ये समण श्रेणी सुरू करून एक मधली वाट काढली, आणि आज न्यू जर्सीतील इसेलिनच्या केंद्रात समणीजींचे मार्गदर्शन मिळते. परंतु तिकडच्या बहुसंख्य घरांच्या दारात कोणीही नियम विचारायला येत नाही. तेथे माणसालाच गाडी काढून धर्माकडे जावे लागते, आणि तेही शनिवार-रविवारी.

२०२४ साली माझी पत्नी व मी मुलीकडे एडिसनला सहा महिने होतो. जूनपासून नोव्हेंबर संपेपर्यंत. त्या मुक्कामात सर्वांत आधी लक्षात आला तो सूर्य. बीडला उन्हाळा-हिवाळ्यात सूर्यास्ताच्या वेळेत तासा-सव्वा तासाचा फरक पडतो. तिकडे जूनमध्ये सूर्य साडेआठला मावळतो. चौविहार करणाऱ्याला केवढी सोय! परंतु नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे घेतात आणि महिनाअखेरीस साडेचारलाच अंधार पडतो. शाळेची बस मुलांना घेऊन येते, तेव्हा दिवस संपत आलेला असतो. आईवडील कामावरून यायचेच असतात. नवकारसीची अडचण उलट टोकाची. डिसेंबरात सूर्योदय सव्वासातला, त्यावर अठ्ठेचाळीस मिनिटे धरली की आठ वाजून गेले. बस त्याआधीच निघालेली असते. इंग्लंडमध्ये लेस्टरला तर डिसेंबरचा सूर्यास्त चारच्याही आधी. येथे बसून "नातवाने नवकारसी सोडली" असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

मग ही कुटुंबे काय करतात? जे जमेल ते, आणि त्यासाठी पुष्कळ खटपट. पर्युषण कामाच्या दिवसांत येते. सुट्टी मिळत नाही. म्हणून प्रतिक्रमण संध्याकाळी ऑनलाइन, स्वप्नदर्शन व जन्मवाचन शनिवार-रविवारी. श्वेतांबरांचे आठ आणि दिगंबरांचे दहा मिळून अठरा दिवसांचा कार्यक्रम एकाच छताखाली होतो. फ्रँकलिन टाउनशिपच्या जैन सेंटरमध्ये मी हे पाहिले. लेस्टरला जुन्या ख्रिस्ती प्रार्थनागृहाच्या वास्तूत जैन सेंटर झाले, १९८८ मध्ये तेथे प्रतिष्ठा झाली. त्यात श्वेतांबर मंदिर, दिगंबर मंदिर आणि स्थानकवासी उपाश्रय असे सारे आहे. आपल्याकडे दोन गल्ल्यांत दोन संघ, आणि एकाच्या पारण्याला दुसऱ्याची माणसे मोजून!

अर्थात या एकोप्यातही अडचण आहे, ती झाकू नये. आमची मुलगी स्थानकवासी घरातली. तिची मुले सेंटरमध्ये मूर्तीपुढे हात जोडतात, तांदळाचा स्वस्तिक काढतात. माझ्या पत्नीला प्रथम ते खटकले. ती दोन रविवार गप्प राहिली. तिसऱ्या रविवारी तिने नातवंडांना जवळ बसवून मुखवस्त्रिका बांधून दाखविली आणि ती का बांधतात ते सांगितले. आता ती दोघे दोन्ही करतात. बीडमध्ये याला कोणी भेसळ म्हणेल. मी म्हणणार नाही.

सहलींचेही तसेच. आमच्या लहानपणी सहल म्हणजे बिंदुसरा धरण किंवा कपिलधार, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. नायगाऱ्यालाही डबा तोच होता! चार दिवसांच्या प्रवासासाठी मुलीने बिनलसणाची धपाटी, खाकरे, भाजलेले पोहे बांधले. तरी खरी कसोटी शाळेच्या सहलीत लागते. रात्री शेकोटीभोवती मुले काडीवर मार्शमेलो भाजतात. पांढरा, मऊ, साखरेचा तो गोळा. कोणाला शंकाही येऊ नये. परंतु तो बहुधा जिलेटिनचा असतो, आणि जिलेटिन निघते प्राण्यांच्या हाडांपासून व कातड्यापासून. दह्याच्या काही डब्यांतही ते असते. भारतात पाकिटावर हिरवा ठिपका सक्तीचा आहे. अमेरिकेत तशी सक्ती नाही. त्यामुळे तेथील जैन मूल वाचायला शिकते ते जणू पाकिटामागची बारीक अक्षरे वाचण्यासाठीच.

सहलींतील एक मनात राहिली ती सिद्धाचलमची. एडिसनपासून गाडीने सव्वा-दीड तास. सुशीलकुमारजींनी १९८३ मध्ये ब्लेअर्सटाउनजवळच्या डोंगराळ रानात ही जागा घेतली. शंभर एकरांहून मोठा परिसर, हरणे निर्धास्त फिरतात. २०१२ मध्ये तेथे सम्मेदशिखराची प्रतिकृती उभी राहिली. डोंगरवाट, टोंका, सारे त्या क्रमाने. आमची नात धावत वर गेली आणि प्रत्येक टोंकेवर तीर्थंकरांचे नाव मोठ्याने वाचू लागली. मूळ शिखरजी तिने पाहिलेले नाही. तिला तो डोंगर आपला वाटतो, एवढे मात्र मी पाहिले.

त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला हॅलोविन आणि दुसऱ्याच दिवशी लक्ष्मीपूजन आले. एका उंबऱ्यावर भोपळा आणि रांगोळी शेजारी शेजारी. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांना त्या १ नोव्हेंबरला प्रथमच दिवाळीची सुट्टी मिळाली, त्याचे तिकडे मोठे कौतुक चालले होते. आदल्या रात्री भुताखेतांचे वेश घालून मुले दारोदार गोळ्या मागत हिंडली. आम्हा दोघांना हे काही रुचले नाही. परंतु घरी आल्यावर दहा वर्षांच्या नातीने पिशवी जमिनीवर रिकामी केली आणि एकेक गोळी वाचून दोन ढीग केले. "नानाजी, यात जिलेटिन आहे, हे शेजारच्या ब्रायनला द्यायचे." मोठा ढीग ब्रायनचा झाला. तिने त्याकडे क्षणभर पाहिले, मग उचलून देऊन आली. दुसऱ्या दिवशी पहाटे महावीर निर्वाणाचा जाप, पुच्छिस्सुणं, आणि संध्याकाळी वहीपूजन. जावयांच्या घरी वही नाही. लॅपटॉपला कुंकू लावले. आमच्या बीडच्या दुकानदारांनीही आता संगणकापुढेच वही ठेवायला सुरुवात केली आहे, तेव्हा हसण्यासारखे त्यात काही नाही.

नोव्हेंबरातला चौथा गुरुवार थँक्सगिव्हिंगचा. घरोघरी टर्की शिजते. जैन कुटुंबे त्या दिवशी एकत्र येऊन शाकाहारी जेवण करतात. अनेक घरांत शेजाऱ्यांनाही बोलावणे असते. तेथून ख्रिसमसपर्यंत मुलांची एकच मागणी, घरात झाड हवे. काही घरे आणतात, काही नाही. आमच्या मुलीने आणले नाही, आणि त्यावर पुष्कळ रडारड झाली, हे तिने फोनवर सांगितले. तिने बरोबर केले की नाही, हे मी बीडमध्ये बसून ठरवू शकत नाही.

या साऱ्याचा भार कोणावर असतो? बहुतेक घरांत तिथी लक्षात ठेवणारी, डबा बांधणारी, रविवारी पाठशाळेला गाडी चालविणारी आईच असते, आणि तीही नोकरी करते. आपल्याकडे हे काम आजी, काकू, स्थानक आणि महासतीजी मिळून करीत होती. त्यावर व्हिसाची टांगती तलवार. नोकरीच्या मार्गाने मिळणाऱ्या ग्रीन कार्डात कोणत्याही एका देशाचा वाटा सात टक्क्यांपुरता मर्यादित असल्यामुळे भारतीयांची रांग कित्येक वर्षांची झाली आहे. मूल एकवीस वर्षांचे झाले की आईवडिलांच्या व्हिसावर राहू शकत नाही. घर घेतले, मुले शाळेत रुळली, तरी आपण येथलेच का, हे ठाऊक नाही. 'छान रमली' या दोन शब्दांखाली हे सारे असते.

म्हणून जे आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी जातात, त्यांना माझे स्पष्ट सांगणे आहे. तेथे जाऊन मालिका पाहत बसू नये, आणि सुनेच्या स्वयंपाकघरात परीक्षकही होऊ नये. नातवंडांना रोज एक पाटी, एक थोकडा शिकवावा. साडेचारच्या अंधाराआधी त्यांच्या हातात गरम ताट द्यावे. चौविहार त्या ताटावर अवलंबून आहे. महासतीजी जेथे पोहोचू शकत नाहीत, तेथे व्हिसा घेऊन पोहोचणारे आपणच आहोत.

आणि येथेही फार निश्चिंत राहण्यासारखे नाही. तालुक्याच्या, बाजारपेठेच्या गावांतली आपली तरुण घरे पुण्याला, छत्रपती संभाजीनगरला निघाली आहेत. १७ सप्टेंबर २०२५ ला बीडला रेल्वे आली. जाणे आणखी सोपे झाले. अशी गावे मला माहीत आहेत, जेथे विहारात संत-सती आल्यावरच स्थानकाचे कुलूप निघते. पाठशाळेच्या वेळी शिकवणीचे वर्ग असतात. त्या मुलांना जिलेटिन म्हणजे काय, हे विचारून पाहावे.

गेली काही वर्षे आमच्या घरी संवत्सरीचे क्षमापन एका दिवसात आटोपत नाही. आम्ही प्रतिक्रमण करून उठतो, तेव्हा एडिसनला सकाळ असते, मुले शाळेत असतात. त्यांचे प्रतिक्रमण रात्री साडेआठला संपते. येथे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे सहा वाजलेले असतात. फोन वाजतो. आधी नातू, मग नात, मग मुलगी, शेवटी जावई. चौघेही "मिच्छामि दुक्कडम्" म्हणतात, आणि पाठोपाठ नात विचारते, "नानाजी, तुमचे पारणे झाले का?"