कृषी महाविद्यालयाचा खरा हिशेब

कुवेतमधल्या सलवाच्या जमियात, म्हणजे तिथल्या सहकारी भांडारात, भारतीय डाळिंबे विकायला येतात. लालभडक रंग, जाड साल, मऊ बी. यातली बरीचशी ‘भगवा’ वाणाची आणि महाराष्ट्रातली असतात. कुवेतमध्ये वर्षभरात जेमतेम ११०-१२० मिलिमीटर पाऊस पडतो. वफ्रा आणि अब्दली इथल्या शेतांवर भाजीपाला पिकतो, पण देशाच्या अन्नाचा बहुतेक भाग बाहेरूनच येतो. हे डाळिंब इथवर पोचते त्यामागे शेतकऱ्याची मेहनत आहे, तशीच एका शिक्षणसंस्थेची शंभराहून अधिक वर्षांची पुण्याईही आहे.

ही संस्था म्हणजे पुण्याचे कृषी महाविद्यालय. १८७९ मध्ये पुण्याच्या सायन्स कॉलेजात शेतीचे वर्ग सुरू झाले आणि १९०७ मध्ये स्वतंत्र कृषी महाविद्यालय उभे राहिले. रसायनशास्त्रज्ञ हॅरल्ड मान तिथे प्राचार्य होते. शेती खात्याला शिकलेली माणसे पुरवणे हा अशा महाविद्यालयांमागचा सरकारी हेतू होता. मान मात्र सहकाऱ्यांना घेऊन गावात गेले. १९१७ मध्ये त्यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी प्रसिद्ध केली. १७७१ मध्ये तिथे सरासरी ४० एकरांचे असलेले खातेदाराचे क्षेत्र १९१५ पर्यंत सुमारे ७ एकरांवर आले होते, असे त्यांनी कागदपत्रांवरून दाखवले. शेती समजून घ्यायची तर आधी शेतकऱ्याचे घर समजले पाहिजे, ही शिस्त या पाहणीने घालून दिली.

पुण्यातच गणेशखिंडीला फळझाडांचे संशोधन केंद्र होते. उद्यानविद्येतले तज्ज्ञ डॉ. जी. एस. चीमा यांनी तिथे ‘आळंदी’ जातीच्या डाळिंबांच्या रोपांतून १९३६ च्या सुमारास एक झाड निवडले. त्याच्या फळातली बी इतकी मऊ होती की खाताना दाताखाली टोचत नसे. पुढे १९७० मध्ये या वाणाला ‘गणेश’ हे नाव मिळाले आणि महाराष्ट्रातल्या व्यापारी डाळिंबशेतीचा पाया त्यावर घातला गेला.

एक झाड निवडले म्हणजे नेमके काय झाले, हे समजून घेण्यासारखे आहे. बियांपासून वाढवलेली डाळिंबाची रोपे एकमेकांसारखी निघत नाहीत. शंभरांतल्या एखाद्यात हवा तो गुण सापडला, तर त्याच झाडाच्या फांदीवर गुटी कलम बांधून हुबेहूब तसेच झाड तयार करावे लागते. सलवातल्या घरांपुढच्या खजुरांचेही असेच आहे. बी पेरले तर झाड नर निघेल की मादी हेसुद्धा सांगता येत नाही, म्हणून बुंध्याला फुटलेले फुटवे काढून लावतात. संशोधकाची खरी कसोटी त्या एका झाडापर्यंत पोचण्यात असते. त्यासाठी वर्षानुवर्षे फळे चाखून, मोजून, नोंदी ठेवाव्या लागतात.

‘गणेश’मध्ये एक उणीव होती. त्याचे दाणे फिकट गुलाबी होते आणि परदेशी बाजार लाल रंग मागत होता. ‘गुल-ए-शहा रेड’ या वाणात रंग होता, पण त्याची बी कडक आणि चव आंबट. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात या दोघांचा संकर झाला. संकराच्या दुसऱ्या पिढीत आई-बापांचे गुण नव्या जुळणीने विखुरतात. त्या असंख्य रोपांमधून एकाचा रंग आणि दुसऱ्याची मऊ बी एकत्र आलेली झाडे शोधण्यात आली. त्यातून आधी ‘मृदुला’ आणि २००३ च्या सुमारास ‘आरक्ता’ व ‘भगवा’ हे वाण आले. ‘भगवा’ची साल जाड असल्यामुळे तो लांबचा प्रवास सोसतो. गणेशखिंडीतल्या त्या निवडीपासून इथवर जवळजवळ सात दशके लागली.

चांगले फळ पिकवले तरी ते टिकवण्याचा प्रश्न उरतोच. डाळिंब झाडावरून उतरवल्यावर आंब्यासारखे पिकत नाही, म्हणून ते पूर्ण तयार झाल्यावरच तोडावे लागते. आंबा अढीत पिकतो, पण त्याला प्रमाणाबाहेर गारवा लागला तर साल काळवंडते आणि तो नीट पिकत नाही. कोणत्या फळाला किती अंश तापमान सोसते, हे प्रयोगाशिवाय कळत नाही. चीमा, करमरकर आणि जोशी यांनी आंब्याच्या शीतगृह साठवणुकीवर पुण्यात असे प्रयोग केले. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठाची कृषी पदवी घेतलेले डॉ. डी. के. साळुंखे यांनी पुढे हीच दिशा धरली. मिशिगनला डॉक्टरेट करून ते युटा स्टेट विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि ‘पोस्ट हार्वेस्ट टेक्नॉलॉजी’, म्हणजे काढणीनंतर माल टिकवण्याचे शास्त्र, यावर त्यांनी लिहिलेले ग्रंथ जगभर वापरले गेले. ते राहुरीला कुलगुरू म्हणूनही परतले.

निर्यात होणाऱ्या फळाइतकेच महत्त्वाचे काम कोरडवाहू शेतीत झाले, पण त्याची चर्चा कमी होते. मान यांच्याबरोबर जातेगाव बुद्रुकची पाहणी करणारे एन. व्ही. कानिटकर यांनी सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यात पाऊस आणि जमिनीतली ओल यांचा अभ्यास केला. पावसाचे पाणी बांध घालून शेतातच मुरवायचे, पेरणीत अंतर जास्त ठेवायचे आणि वारंवार कोळपणी करून ओल धरून ठेवायची, असा या अभ्यासाचा गाभा होता. कोरडवाहू शेतीवरचा त्यांचा ग्रंथ १९४४ मध्ये आला. माणच्या किंवा सांगोल्याच्या शेतकऱ्याला आज बांधबंदिस्तीचे महत्त्व कोणी समजावून सांगावे लागत नाही.

वाण आणि पद्धत यांखेरीज कृषी पदवीधराच्या कामाचे तिसरे फळ म्हणजे त्याने तयार केलेली माणसे. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे हे गदर चळवळीतले क्रांतिकारक. अमेरिकेत त्यांनी शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले. मायदेशाची दारे बंद झाल्यावर ते मेक्सिकोत गेले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. मक्यावर त्यांनी संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी ‘मुक्त कृषी शाळा’ चालवल्या. चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको सिटीतल्या भित्तिचित्रात भाकरी वाटून देणाऱ्या माणसाच्या जागी खानखोजे रंगवले. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले.

हे सारे मिळालेले असले तरी ते कायमचे नाही. ‘भगवा’ लोकप्रिय झाला, तसा बागांमधून तोच तो वाण पसरला. तेल्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिवाणूजन्य रोगापुढे तो टिकत नाही. पाने आणि फळांवर तेलकट डाग पडतात, फळ तडकते आणि पाहता पाहता बाग हातची जाते. एकाच वाणाच्या बागा शेजारी-शेजारी असल्या की रोगाला अडसर राहत नाही. सोलापुरात २००५ मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झाले, तिथे या रोगाशी झुंजण्याचे प्रयत्न चालू आहेत. बाजाराला आवडेल आणि तेल्यालाही दाद देणार नाही असा वाण काढायचा, तर पुन्हा तेच निवडीचे दीर्घ काम करावे लागणार आहे.

आणि नेमक्या याच वेळी ते काम करणारे हात कमी पडत आहेत. राज्याच्या कृषी विद्यापीठांत संशोधकांची अनेक पदे रिकामी आहेत. कृषी पदवी घेतलेले कितीतरी हुशार तरुण प्रयोगशाळेऐवजी स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत दिसतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण संशोधनात स्थिर नोकरी मिळेल असा भरवसाच त्यांना कोणी देत नाही. फळझाडाचा वाण तयार व्हायला पंधरा-वीस वर्षे लागतात आणि अनुदानाचा हिशेब दरवर्षी मागितला जातो. या दोन घड्याळांचा मेळ बसत नाही.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. कृषी महाविद्यालयाची किंमत त्यातून किती अधिकारी निघाले यावर ठरवू नये. त्याने दिलेले वाण, रुजवलेल्या पद्धती आणि घडवलेले शिक्षक पन्नास वर्षांनंतर किती उपयोगी पडत आहेत, यावर ती ठरवावी. सरकारने संशोधकांची पदे भरावीत आणि वाणनिर्मितीच्या प्रकल्पांना किमान पंधरा वर्षांची निश्चिती द्यावी. आखातातल्या मराठी मंडळांनीही आपल्या गुणगौरव समारंभांत डॉक्टर-इंजिनिअर होणाऱ्या मुलांबरोबर कृषी शाखा निवडणाऱ्या मुलामुलीला मानाने बोलवावे, आणि शक्य असेल तर एखाद्या गरजू कृषी विद्यार्थ्याच्या संशोधनाचा खर्च उचलावा. आपल्या ताटात पुढच्या पिढीला काय मिळेल, ते आज या विषयाकडे वळणाऱ्या मुलांवर अवलंबून आहे.