ई-मेलचा पत्ता तपासा, माणसाला परत पाठवू नका

वेबसाइटचे फॉर्म लिहिणाऱ्यांना, आणि शाळेसाठी, सोसायटीसाठी, पतसंस्थेसाठी ते लिहून घेणाऱ्यांनाही एक विनंती आहे. ई-मेलचा पत्ता तपासणारी रेजेक्सची, म्हणजे अक्षरांचा साचा जुळवून बघणाऱ्या रेग्युलर एक्स्प्रेशनची, ओळ एकदा उघडून बघा. बहुधा ती कुठून तरी कॉपी-पेस्ट केलेली असते आणि तिला हात लावायला सगळेच घाबरतात.

शेवटच्या टिंबानंतर दोन ते चारच अक्षरं, हा नियम तिच्यात हमखास सापडतो. कॉम, नेट, इन्फोच्या जमान्यात तो खपून गेला. आज फोटोग्राफी, टेक्नॉलॉजी अशी लांबलचक डोमेनं सर्रास मिळतात. दुसरी खोड अधिक-चिन्हाची. जीमेलवर आपल्या नावापुढे अधिक-चिन्ह देऊन 'वीजबिल' जोडलं तरी मेल आपल्याच इनबॉक्समध्ये येतो, म्हणून लोक असा पत्ता मुद्दाम देतात. फॉर्म मात्र लाल अक्षरांत 'पत्ता अवैध' म्हणून मोकळा होतो. मेल पोचतोय, तर अवैध ठरवणारे आपण कोण?

मग अचूक रेजेक्स लिहू, असं कुणी म्हणेल. त्या फंदात पडू नका. पत्त्याचं व्याकरण 2008 च्या आरएफसी 5322 या इंटरनेट-मानकात आहे. त्यात कंसात कंस घालून टिपा लिहायचीही मुभा आहे, आणि कितीही खोल जाणाऱ्या कंसांच्या जोड्या जुळवणं शुद्ध रेग्युलर एक्स्प्रेशनच्या कुवतीबाहेरचं आहे. एचटीएमएलचं मानक लिहिणाऱ्यांनीही इथे हात टेकले: आम्ही आरएफसीचा हा नियम जाणूनबुजून मोडतो आहोत, असं त्यांनी मानकातच नोंदवून ठेवलं आहे.

शिवाय पत्ता दिसायला निर्दोष असला म्हणून तो त्याच माणसाचा असतो का? एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर रेजेक्सला पत्ता लागत नाही. म्हणून कोडमध्ये थोडंच तपासा: @ आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना काहीतरी आहे, लांबी 254 च्या आत आहे. नंतर त्या पत्त्यावर लिंक पाठवा. ती उघडली तर पत्ता खरा.

फोनचा कीबोर्ड शेवटी एखादी स्पेस चिकटवतो, ती तपासणीआधी काढा. पण त्यासाठी भाषेतलं तयार ट्रिम वापरा, रेजेक्स नको. 20 जुलै 2016 रोजी स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रामरांचं प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ 34 मिनिटं बंद पडलं, ते नेमकं स्पेस छाटणाऱ्या एका रेजेक्समुळे.

देवनागरीतल्या पत्त्यांना 2012 पासून मानकात जागा आहे. तुमचा मेल-सर्व्हर ते पेलत असेल तर फॉर्मनेही अडवू नये.

आज आपल्याच फॉर्ममध्ये अधिक-चिन्ह असलेला पत्ता टाकून बघा. नाकारला, तर ती ओळ आजच बदला.