जिम सोडणंही सोपं हवं

कोथरूडमध्ये घराजवळ नवी जिम उघडली. काउंटरवरच्या मुलाने कागद पुढे सरकवला : वर्षाची फी एकदम भरली तर तीन महिने मोफत. मी विचारलं, “आणि मध्येच सोडायचं झालं तर?” तो म्हणाला, “मॅडम, पैसे परत मिळत नाहीत.”

हा प्रश्न विचारायला मी श्टुटगार्टमध्ये शिकले. २०१२ साली नोकरीनिमित्त तिथे गेल्यावर एका जिमच्या दोन वर्षांच्या करारावर मी सही केली. सोडायचं तर मुदत संपायच्या तीन महिने आधी पत्र द्यायचं होतं. माझं पत्र आठवडाभर उशिरा पोहोचलं आणि करार आणखी एका वर्षाने वाढला. मी इंग्लंडला गेल्यावरही खात्यातून दरमहा पैसे कापले जात होते. जिमने कायदा मोडला नव्हता. तेव्हाचा जर्मन कायदाच तिच्या बाजूचा होता.

इंग्लंडमध्ये लीड्सला राहायला गेले, तर तिथे उलटी तऱ्हा. २००९ मध्ये पहिली जिम उघडणाऱ्या ‘प्युअरजिम’ने करारच काढून टाकला होता. महिन्याचे पैसे भरा, दारावर आकडा दाबून रात्री दोनलाही आत जा, नको वाटलं तर पुढच्या महिन्यापासून बंद करा. माणसं सहज सोडून जाऊ शकतात म्हटल्यावर जिमला दर आणि यंत्रं दोन्ही नीट ठेवावी लागतात. पण तिथे खासगी जिमच्या फीवर २० टक्के व्हॅट आहे आणि कंपनीने कर्मचाऱ्याची बाहेरच्या जिमची फी भरली, तर तो लाभ समजून त्यावरही कर लागतो.

मला सगळ्यात भावलं ते स्वीडन. तिथे कंपनी कर्मचाऱ्याच्या व्यायामासाठी वर्षाला ५,००० क्रोनांपर्यंत देऊ शकते आणि त्यावर त्याला कर लागत नाही. गोथेनबर्गमध्ये मी ‘फ्रिस्किस ओक स्वेतिस’ची सभासद होते. १९७८ मध्ये सुरू झालेली ही संस्था नफ्यासाठी चालत नाही आणि तिथले बरेचसे प्रशिक्षक आपलं पोटापाण्याचं काम सांभाळून विनामोबदला शिकवतात. साठीच्या बाया आणि कॉलेजची मुलं एकाच वर्गात घाम गाळत. स्वीडन-नॉर्वेत पाचातला एक माणूस फिटनेस क्लबचा सभासद असतो, तो तिथल्या लोकांचा स्वभाव आळशी नाही म्हणून, असं मला वाटत नाही. तिथे व्यायामाची वाट सोपी करून ठेवली आहे.

एकाच युरोपातले हे तीन देश. माणसांची शरीरं सारखीच, वजनंही तीच. फरक पडतो तो पैसे कोण भरतं आणि बाहेर पडणं किती सोपं आहे, यामुळे. जर्मनीलाही हे उमगलं. १ मार्च २०२२ पासूनच्या नव्या करारांत पहिली मुदत संपली की ग्राहकाला एका महिन्याच्या नोटिशीवर केव्हाही सोडता येतं.

आपल्याकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, हे चांगलंच झालं. पण कर कमी करून निम्मंच काम होतं. माझ्या शेजारणीने वर्षाची फी भरली आणि चौथ्या महिन्यात जिमला कुलूप लागलं. तिचे पैसे गेले, आणि त्याहून वाईट म्हणजे तिने व्यायामच सोडला. फी दरमहा भरण्याची सोय, महिन्याच्या नोटिशीवर बाहेर पडण्याचा हक्क आणि जिम बंद पडल्यास उरलेल्या पैशांचा परतावा, एवढं तरी सरकारने नियमात बसवावं.

विनामोबदला शिकवण्याची रीतही आपल्याला परकी नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये उभं राहिलं आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्याच्या चमूने आपले देशी खेळ तिथे करून दाखवले. कोल्हापुरात आमच्या गल्लीतल्या तालमीत वस्ताद पहाटे चारला लाल माती उकरायचे, पोरांकडून एक पैसा न घेता. त्या आखाड्यात माझ्या आईला मात्र पाऊल टाकता आलं नाही. त्या वस्तादांची वृत्ती आणि बायकांनाही उघडं दार, असं काही माझ्या शहरात उभं राहणार असेल, तर आठवड्यातल्या दोन संध्याकाळी शिकवायला मी तयार आहे.

काउंटरवरचा कागद मी सही न करता परत केला.