ओरखडा आला म्हणून कॅनॉपी फेकू नका

विमानाचे किट जवळजवळ पूर्ण होत आलेले असते. रंग लागलेला असतो, चिन्हे चिकटलेली असतात, आणि कॅनॉपीवर, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणावर, बारीकसा ओरखडा दिसतो. तिथे अनेकांचा धीर सुटतो. मॉडेल डब्यात परत जाते, नाहीतर बोटभर तुकड्यासाठी दुसरे अख्खे किट मागवले जाते. माझे सगळ्या हौशी मंडळींना कळकळीचे सांगणे आहे, की असे करू नका. हलका ओरखडा घरच्या घरी, थोड्या पैशांत आणि बहुतेक वेळा मागमूस न ठेवता निघतो. घाई मात्र त्याला अजिबात चालत नाही.

एवढ्याशा ओरखड्याचे मनावर का घ्यायचे, असेही कोणी विचारील. १/७२ प्रमाणाच्या मॉडेलवर ०.१ मिलिमीटर रुंदीचा चरा म्हणजे खऱ्या विमानाच्या मापात ७.२ मिलिमीटरची चीर. शिवाय मॉडेल हातात घेतल्यावर नजर आधी कॉकपिटमध्येच शिरू पाहते. आपण तासन् तास बसून रंगवलेली आसने आणि घड्याळे त्या चऱ्याआड जातात, हे वाईटच.

आता ओरखडा दिसतो तो कशामुळे, हे नीट समजून घ्या. चऱ्याच्या कडांवर प्रकाश आपटतो आणि इकडेतिकडे विखुरतो. उपाय म्हणजे चऱ्याच्या भोवतालचा पृष्ठभाग त्याच्या तळापर्यंत खाली आणायचा, आणि मग तो पृष्ठभाग इतका गुळगुळीत करायचा, की उरलेल्या रेषा प्रकाशाला अडवू शकणार नाहीत. ओरखडा विरघळवून टाकणारे कोणतेही द्रव नाही. थिनर, ॲसिटोन, नेलपॉलिश काढायचे पाणी यांपैकी काहीही लावू नका. किटचे पारदर्शक भाग सहसा पॉलिस्टायरीनचे असतात. अशा द्रवांनी ते विरघळते, किंवा त्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात, आणि त्या भेगांवर इलाज नाही.

आधी तो भाग कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून धुवा. कितीतरी ‘ओरखडे’ म्हणजे बोटांचा तेलकटपणा असतो. पुसायला टिश्यू पेपर नको, त्यानेच नवे चरे पडतात. चष्म्याचे कापड किंवा खूप वेळा धुतलेला मऊ सुती कपडा घ्या. मग दिव्यासमोर तिरपे धरून पाहा. रेघ बाहेरून आहे की आतून? नखाला अडकते का? नख अडकत नसेल तर ओरखडा हलका समजा. रेघ प्लॅस्टिकच्या आत चकाकत असेल तर ती तडा आहे. तिला घासाल तर ती वाढेल, म्हणून सोडून द्या.

हलक्या ओरखड्याला कागद लावायची गरज बहुधा नसते, आणि नेमके इथेच लोक चुकतात. हाताशी पॉलिशपेपर आहे म्हणून आधी तोच घासतात. सुरुवात नेहमी सगळ्यात सौम्य गोष्टीने करा. तामियाचे पॉलिशिंग कंपाउंड तीन प्रतींत मिळते. त्यातले मधले आणि शेवटचे आणले तरी पुष्कळ दिवस पुरते. ते नसेल तर साधी पांढरी टूथपेस्ट चालते, कारण तिच्यातला कॅल्शियम कार्बोनेट किंवा सिलिका हाच घासणारा पदार्थ आहे. जेल नको, कोळशाची नको. माझ्या मते टूथपेस्ट कामचलाऊ आहे, तिच्यानंतर किंचित धुरकटपणा राहतो आणि शेवटचा हात कंपाउंडचाच लागतो. गाडीचे रबिंग कंपाउंडही वापरता येते, पण त्यात काय मिसळलेले आहे ते डब्यावर असतेच असे नाही. म्हणून ते आधी स्प्रूच्या, म्हणजे भाग ज्या चौकटीला जोडून येतात तिच्या, पारदर्शक दांडीवर लावून एक दिवस ठेवा. दांडी स्वच्छ राहिली तरच पुढे जा.

कंपाउंडने भागले नाही तर गाड्या रंगवायच्या सामानाच्या दुकानातून २००० आणि ३००० नंबरचा वॉटरपेपर आणा. जमल्यास ५००० चाही. भाग स्प्रूवरच असू द्या, धरायला सोपे जाते. तोडला असेल तर आतून मऊ चिकणमाती किंवा पुट्टीचा गोळा भरून आधार द्या. पारदर्शक पॉलिस्टायरीन करड्या भागांपेक्षा ठिसूळ असते, अंगठ्याच्या दाबाने कडकन मोडते. चौकटीच्या उंच रेघांवर मास्किंग टेप लावा, नाहीतर ओरखड्याबरोबर त्याही जातील. कागद ओला ठेवा आणि एकाच दिशेने हलक्या हाताने घासा. नंबर बदललात की दिशा काटकोनात बदला. आधीच्या रेषा पूर्ण नाहीशा झाल्या की नाही, हे असे केल्यानेच कळते. दोन नंबरांच्या मध्ये भाग धुवा, पाणी बदला, बोटेही धुवा. जाड कागदाचा एक कण जरी राहिला तरी पुढची सगळी मेहनत तो वाया घालवतो.

२००० नंतर कॅनॉपी दुधाळ, आंधळी दिसू लागते. घाबरू नका. त्या कागदाचा कण साधारण १० मायक्रॉनचा असतो, आणि दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. रेषा तेवढ्या बारीक होईपर्यंत धुके राहणारच. ३००० ने ते कमी होते, कंपाउंडने जाते. छोटे फिरते यंत्र मात्र लावू नका. पॉलिस्टायरीन १०० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडते आणि घर्षणाने तेवढी उष्णता क्षणात निर्माण होते. आतल्या बाजूला टूथपिकच्या टोकाला कापूस गुंडाळून काम करा.

ही काही केवळ खेळण्यांची युक्ती नाही. एचएमटी जनता घड्याळावरची काच ॲक्रिलिकची, आणि जुने घड्याळजी तीही अशीच घासून लख्ख करतात. खऱ्या विमानांच्या ॲक्रिलिक खिडक्यांवरचे चरेही क्रमाक्रमाने बारीक होत जाणाऱ्या कागदांनीच काढतात.

नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार झालेले सुखोई-३० करायला घ्याल, किंवा एफ-१६ घ्याल, तर अनेक किटमध्ये कॅनॉपीच्या मधोमध पुढून मागे जाणारी रेघ दिसेल. तो ओरखडाही नाही आणि तुमचे किट खराबही नाही. या कॅनॉपी बाजूंना फुगीर आणि बुडाशी अरुंद असतात. दोन भागांच्या साच्यातून असा आकार बाहेर निघत नाही, म्हणून साचा जास्त तुकड्यांचा करतात, आणि तुकडे जिथे मिळतात तिथे ही रेघ उमटते. ती थोडी उंच असते. नवे पाते पृष्ठभागाला काटकोनात धरून, न कापता, अलगद खरवडा. ती भोवतालच्या पातळीला आली की वर सांगितलेल्या क्रमाने घासा. या रेघेसाठी एक संध्याकाळ वेगळी काढा आणि रंग लावण्याआधीच हे काम उरका.

कॅनॉपीवर पांढरी बुरशी आल्यासारखे दिसत असेल तर फेविक्विकसारखा झटपट डिंक वापरलेला असतो. त्याची वाफ काचेवर बसते. हा थर वरवरचा असल्याने कंपाउंडने निघतो, पण मॉडेलला चिकटवलेल्या काचेच्या आत पोहोचणार कसे? म्हणून पारदर्शक भाग साध्या पांढऱ्या फेविकॉलने लावा. वाळल्यावर तो पारदर्शक होतो आणि सांडलेला थेंब ओल्या कपड्याने निघतो.

सगळे झाल्यावर चौकटीच्या कोपऱ्यांत अडकलेले कंपाउंड जुन्या मऊ ब्रशने धुऊन काढा. तरीही अगदी सूक्ष्म रेषा उरल्या तर पाण्यात मिसळणाऱ्या चकचकीत ॲक्रिलिक वार्निशमध्ये भाग बुडवा, खालची कड टिपकागदाला टेकवून जादा वार्निश उतरू द्या आणि धूळ बसू नये म्हणून वाटीखाली दिवसभर झाकून ठेवा.

मुलांना या कामात जरूर घ्या. कंपाउंड चोळणे दहा वर्षांच्या मुलालाही उत्तम जमते. पात्याने खरवडणे तेवढे मोठ्यांनी करावे. आणि नवे किट उघडलेत की पारदर्शक स्प्रू लगेच वेगळ्या पिशवीत घाला, कारण पुष्कळसे ओरखडे डब्यात इतर भागांवर घासूनच पडतात.