आउटपुट बरोबर आलं... मग झालं का?

मित्रांनो, आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटची. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर मोठ्या मनाने माफ करा!

गेल्या सेमिस्टरला आमच्या ग्रुपने मिनी प्रोजेक्ट म्हणून छोटासा कंपायलर केला. त्यात ऑप्टिमायझेशन पण टाकलं. दोनने भागायचं असेल तर भागाकाराऐवजी राइट शिफ्ट, म्हणजे काम फास्ट. 10, 24, 100 टाकून पाहिलं, सगळं बरोबर. व्हायवाला सर शांतपणे म्हणाले, "उणे सात टाका." सी भाषेच्या नियमाने उत्तर -3 यायला हवं. आमचं आलं -4. आमची तोंडं बघण्यासारखी झाली होती!

त्या रात्री होस्टेलवर पहिल्यांदाच आमच्या कंपायलरने तयार केलेली असेंब्ली नीट वाचली. दुसरा धक्का! 60 गुणिले 60 चे 3600 कंपाइल होतानाच व्हायला हवे होते, पण तिथे गुणाकार जसाच्या तसा. म्हणजे ते ऑप्टिमायझेशन कधी चाललंच नव्हतं. आउटपुट मात्र रोज बरोबर, मग कळणार कसं?

म्हणून माझं मत असं, की टेस्ट दोन प्रकारच्या हव्यात. एक, तोच प्रोग्रॅम ऑप्टिमायझेशन बंद आणि चालू ठेवून रन करायचा. उत्तरं जुळलीच पाहिजेत. इनपुटमध्ये शून्य, उणे संख्या, सगळ्यात मोठी संख्या हवीच. दोन, तयार झालेला कोड बघायचा. चादर घेताना आपण सोलापूरकर ती उलटून बघतोच ना? तसंच! फक्त टेस्टमध्ये रजिस्टरची नावं घालू नका, नाहीतर उद्या छोटा बदल केला तरी टेस्ट उगाच फेल होईल. "इथे गुणाकार नको" एवढंच तपासा.

कोणी म्हणेल, एवढं कशाला? पण जीसीसीच्या टेस्टमध्ये हे दोन्ही प्रकार आहेत. तरीही चुका राहतातच. 2011 मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी सीस्मिथ नावाच्या टूलबद्दल पेपर लिहिला. आपोआप सी प्रोग्रॅम बनवून त्यांनी वेगवेगळ्या कंपायलरमध्ये 325 हून जास्त चुका शोधल्या होत्या! आणि आपल्याकडे आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसीवर कार्यशाळा घेतल्या. त्यात जीसीसीच्या प्रत्येक टप्प्यानंतरचे डंप उघडून आत काय बदललं ते बघायला शिकवलं जायचं. आपण मात्र आउटपुटची प्रिंट जर्नलला चिकटवतो आणि सही घेतो.

माझी एकच मागणी. कंपायलरच्या जर्नलमध्ये आउटपुटखाली टेस्ट केसेस पण असाव्यात, आणि त्या दुसऱ्या बॅचने लिहाव्यात. कारण आपला कोड कुठे कच्चा आहे ते आपल्याला माहीत असतं, आणि नेमकी तीच संख्या आपण टाकत नाही. खरं की नाही?